मातीला वाफसा येईपर्यंत

मार्च अर्धा सरला की मिशिगनमध्ये रात्रीचे आणि दिवसाचे जमेनासे होते. रात्री सगळे गोठते, दुपारी सगळे वितळते. याच ओढाताणीत शुगर मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो आणि गावाबाहेरच्या मळ्यांत झाडांना बादल्या लागतात. बर्फ अजून गेलेले नसते. सावलीच्या अंगाला, कुंपणाच्या बुडाशी त्याचे मळके ढीग तग धरून असतात. माझे मन मात्र तेव्हाच रानात जाऊन बसते. मोरेल यायला आता फार तर सहा आठवडे राहिलेले असतात.

मोरेल ही वसंतातली रानअळंबी. तिला छत्री नसते. मधाच्या पोळ्यासारखे खळग्याखळग्यांचे निमुळते डोके, खाली फिकट देठ, आणि टोकापासून बुडापर्यंत आतून सगळी पोकळ. आपल्या हिमालयात हिलाच गुच्छी म्हणतात. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमधली माणसे बर्फ वितळले की देवदारांच्या रानात तिच्या शोधात निघतात, सापडलेली दोऱ्यात ओवून वाळवतात, आणि वाळलेल्या गुच्छीला किलोमागे दहा हजारांच्या वर भाव मिळतो. तिथे ती डोंगरातल्या घरांचा वर्षाचा आधार आहे. इथे बहुतेकांच्या लेखी तिचा पैशाशी संबंध नाही. मोटारीच्या कारखान्यातला कामगार, शाळेतली शिक्षिका, निवृत्त झालेला पोस्टमन, सगळे एप्रिलच्या शेवटी जाळीच्या पिशव्या घेऊन झाडीत शिरतात आणि संध्याकाळी गुडघ्यांना माती लावून परततात. शेजारच्या मिनेसोटा राज्याने तर १९८४ मध्ये मोरेलला राज्याच्या अळंबीचा मान दिला.

दक्षिण कोकणात वाढलेल्या मला ही वाट पाहणे ओळखीचे होते. तिकडची अळंबी पावसाळ्याची. मिरग लागला, चार सरी कोसळून गेल्या, मध्येच एक दिवस कडक ऊन पडले की वारुळाच्या आसपासच्या जमिनीतून पांढरे कोंब डोके काढत. ही अळंबी वाळवीच्या शेतातली. वाळवी जमिनीखाली लाकूड आणि पाचोळा चावून त्यावर बुरशी पोसते, तीच बुरशी खाऊन जगते, आणि पावसात त्या शेतातून वर छत्र्या येतात. गोव्यात बायका रस्त्याच्या कडेला बसून ती पानांत बांधून नगावर विकतात. अळंबी उगवण्याआधी पावसाची वाट, आणि पावसाची वाट म्हणजे बातमीची वाट. मे संपत आला की घरातली मोठी माणसे रेडिओकडे कान लावून असत. मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास केरळात पोचतो. तिथे लागला, मंगळूरला आला, कारवारला आला, असा तो एकेक मुक्काम करीत वर सरकायचा आणि प्रत्येक मुक्कामाला आमच्या पडवीतले बोलणे थोडे मोठे व्हायचे.

मोरेलही दक्षिणेकडूनच वर येते. मार्चमध्ये जॉर्जियात कुणाला तरी पहिली सापडते. मग टेनेसी, मग केंटकी. एप्रिलच्या मध्यावर इंडियाना आणि ओहायोची दक्षिण बाजू बोलू लागते. प्रत्येक बातमीसरशी मी नकाशावर बोट वर सरकवते. मिशिगनमध्येही ती एकदम येत नाही. आधी दक्षिणेकडे, मग पंधरा-वीस दिवसांनी उत्तरेकडच्या बॉइन सिटी आणि मेसिक या गावांकडे, जिथे मे महिन्यात तिच्या नावाने जत्रा भरते. भारतातला पाऊस आणि अमेरिकेतली ही अळंबी यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, पण दोघांच्या येण्याची दिशा एक आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

कारण परदेशी राहणाऱ्याचे पंचांग जमिनीपासून सुटलेले असते. चैत्र येतो तेव्हा इथे झाडांच्या काठ्या झालेल्या असतात. गुढी उभारायची ती खिडकीच्या आत, कडुलिंबाच्या डहाळीशिवाय. सण मनात नीट साजरे होतात, पण दाराबाहेरची माती त्यांना ओ देत नाही. मोरेलची वाट पाहायला लागले आणि पहिल्यांदाच या मातीचे पंचांग माझ्या हाती आले. त्यात तारखा नाहीत. त्यात एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रम सहसा चुकत नाही.

सर्वांत आधी पाणथळीत स्कंक कॅबेज. ही वनस्पती स्वतःच्या अंगची उष्णता निर्माण करून भोवतीचे बर्फ वितळवते आणि त्या ओल्या वर्तुळात आपले जांभळट फूल उघडते. मग खांद्यावर लाल पट्टा असलेले काळे पक्षी परततात, आधी नर, आणि लव्हाळ्यांच्या टोकांवर बसून आपापली हद्द सांगू लागतात. मग एका उबदार संध्याकाळी डबक्यांतून बोटाच्या पेराएवढे बेडूक ओरडायला लागतात. इतक्या लहान देहांतून एवढा आवाज निघतो की मोटारीच्या बंद काचांतूनही तो ऐकू येतो. एप्रिल लागला की रानाच्या जमिनीवर हेपॅटिका, ब्लडरूट, ट्राउट लिली. या फुलांना घाई असते. वरच्या झाडांना पाने फुटून ऊन बंद व्हायच्या आत त्यांना फुलून, बी धरून, मोकळे व्हायचे असते. त्यानंतर मेॲपल आपली मिटलेली छत्री उघडतो. आणि शेवटी जिच्यावर इथल्या जुन्या माणसांचा सर्वांत जास्त विश्वास आहे ती खूण: ओकचे पान खारीच्या कानाएवढे झाले की मोरेल आलीच म्हणून समजा. याच मापावर इथले शेतकरी मका पेरत आले आहेत.

काही जण थर्मामीटर मातीत खुपसतात. चार इंच खोल जमीन १० अंश सेल्सिअसच्या आसपास आली, वर एखादा उबदार पाऊस रात्रभर पडून गेला, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले, की काम होते. आकडा बरोबर आहे. पण आमच्याकडचा शेतकरी मातीची मूठ वळून, ती दाबून, फुटते कशी ते पाहून वाफसा आला की नाही ते सांगायचा, आणि मला अजूनही हात मातीत घातल्याशिवाय खात्री होत नाही. आधी वाफसा येतो दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांना, कारण त्यांना ऊन तिरपे लागत नाही. मग सपाटीला. उत्तरेचे उतार आणि ओढ्याकाठच्या गार घळी सर्वांत शेवटी. हा क्रम ज्याला कळला त्याचा हंगाम लांबतो.

आधी येतात काळ्या मोरेल, पाचोळ्याच्याच रंगाच्या, पाय पडेपर्यंत न दिसणाऱ्या. मग पिवळ्या. पूर्वी सगळ्यांना मिळून दोन-चार नावे पुरत. २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासावरून उत्तर अमेरिकेतल्या मोरेलच्या १९ जाती वेगळ्या सांगितल्या गेल्या आणि त्यांतल्या १४ जातींना तेव्हा पहिल्यांदा नाव मिळाले. शतकानुशतके माणसे ज्यांना खात होती त्या जाती अशा बिननावाच्याच राहिल्या होत्या.

पिवळ्या मोरेलचे घर म्हणजे मरणारे एल्म. मिशिगनच्या जंगलात मी सर्वांत जास्त वेळ या झाडांपाशी घालवला आहे. युरोपातून आलेल्या ओंडक्यांबरोबर एक रोग अमेरिकेत शिरला. १९३० मध्ये तो ओहायोत आढळला. सालीखालचे भुंगे त्या रोगाची बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. एकेकाळी या गावांतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या एल्मच्या फांद्या वर कमानीत भेटत. ते रस्ते उघडे पडले. रानातले एल्म अजून संपलेले नाहीत. बियांतून उगवतात, मांडीएवढे जाड होतात, आणि मग रोग त्यांना गाठतो. झाड मरू लागले, मुळांकडून मिळणारे अन्न आटले, की जमिनीतली मोरेलची बुरशी आपली सगळी शिल्लक एकवटून वर फळे धरते, असे जाणकार मानतात. हिवाळाभर ती कठीण गाठींच्या रूपात मातीत टिकून असते; वसंताची ओल आणि ऊब त्या गाठींना जागे करते. ज्या एल्मची साल नुकती सुटू लागली आहे, पण अजून खोडाला लटकून आहे, त्याच्या बुडाशी बघायचे. साल पूर्ण गळून खोड पांढरे पडले की तिथे शोधण्यात अर्थ नाही.

२००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आणखी एक पाहुणा सापडला, आशियातून आलेला हिरवा चमकदार भुंगा, एमराल्ड ॲश बोरर. त्याने कोट्यवधी ॲश झाडे मारली. त्यांच्याही बुडाशी मोरेल आल्या. म्हणजे या वाट पाहण्याला एक दुखरी कड आहे आणि मी ती टाळू इच्छित नाही. मी ज्या टोपलीची वाट पाहते ती भरते एका झाडाच्या शेवटाने. एका बुरशीने मारलेल्या झाडापाशी दुसरी बुरशी उगवते आणि आपण तिथे गुडघे टेकून आनंदाने हात पुढे करतो. त्या झाडाला हात लावून, वर पाहून मगच वाकायचे, एवढा नेम मी पाळते.

जागा कुणी सांगत नाही. हेही कोकणातल्यासारखेच. आमच्या शेजारच्या म्हातारबाईंनी मला पहिल्या वसंतात बजावले होते, "कुठे मिळाली ते कधी विचारायचं नाही. किती मिळाली ते खुशाल विचार." त्यांच्या वडिलांनी आपली जागा फक्त त्यांना दाखवली होती. सरकार मात्र जागा सांगते: मिशिगनच्या नैसर्गिक संसाधन खात्याने आदल्या वर्षी जळालेल्या जंगलांचा नकाशा लोकांसाठी खुला ठेवला आहे, कारण वणवा गेलेल्या पाइनच्या रानात पुढच्या वसंतात मोरेल भरभरून येतात. तिथे गर्दी होते. मला आपले एकटीचे एल्म बरे.

आता खाण्याबद्दल, कारण इथे निष्काळजीपणा चालत नाही. मोरेलसारखी दिसणारी एक विषारी अळंबी त्याच दिवसांत, त्याच रानात उगवते. तिचे डोके मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे असते, आणि उभी चिरली की आत पोकळी नसून कापसासारखा गर किंवा कप्पे दिसतात. तिच्यातल्या विषाचे शरीरात जे रसायन होते ते रॉकेटच्या इंधनात वापरतात. आणि खरी मोरेलसुद्धा कच्ची खायची नसते. २०२३ मध्ये मॉन्टाना राज्यातल्या एका उपाहारगृहात कच्ची किंवा अर्धवट शिजलेली मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. त्या मोरेल रानातल्या नव्हत्या, चीनमध्ये शेतात वाढवून आणलेल्या होत्या. जुन्या, सोडून दिलेल्या सफरचंदाच्या बागांतही मोरेल येतात, पण मी तिथली घेत नाही: त्या बागांवर एकेकाळी शिसे आणि आर्सेनिकचे औषध फवारत, आणि ते मातीतून जात नाही. गोचिडीही याच दिवसांत अंगावर चढतात आणि लाइम नावाचा आजार देतात, म्हणून पँट मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर अंग नीट तपासायचे.

एवढे सांभाळले की मग तवा. उभी चिरायची, आतले किडेमुंग्या झटकायचे, लोण्यात किंवा साजूक तुपात टाकायची. आधी ती पाणी सोडते. ते पाणी पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत धीर धरायचा. मीठ, थोडी मिरी. लसूण मी घालत नाही. मोरेलला स्वतःचा एक मातीचा, अक्रोडाच्या जवळ जाणारा वास आहे आणि वर्षातून एकदाच तो घरात येतो. आईचा फोन बरोबर याच दिवसांत येतो. "तुमच्याकडची अळंबी इली काय गो?" तिच्याकडे तेव्हा उन्हाळा रणरणत असतो आणि तिची स्वतःची अळंबी अजून दीड महिना लांब असते. आम्ही दोघी एकमेकींच्या मातीची चौकशी करतो.

देठ मुळाशी चिमटीने तोडावा की अख्खी उपटावी, यावर इथे तावातावाने बोलणे होते. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास तीन दशके चाललेल्या एका अभ्यासात, जंगलातल्या अळंब्या काढल्याने पुढचे पीक घटले नाही, पण पायांनी जमीन तुडवल्याने ते घटले, असे दिसले. म्हणून मी तोडण्यापेक्षा चालण्याकडे लक्ष देते. घाईने रान पालथे घालायचे नाही. एका जागी उभे राहून नजर खाली, मग थोडी पुढे, मग आणखी पुढे. एक दिसली की तिथेच थांबायचे. एकीच्या आसपास दुसरी असतेच.

मिशिगन, ओहायो, इंडियाना, इलिनॉय या भागांत राहणाऱ्या मराठी माणसांना माझे एक सांगणे आहे. मोरेलसाठी मे उजाडायची वाट पाहू नका. मार्चच्या शेवटी, झाडे उघडी असताना जवळच्या एखाद्या राखीव रानात जा. पाने नसतात म्हणून दूरवर नजर पोचते. काढायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. जिवंत एल्मला त्या दिवसांत पालवीच्याही आधी बारीक तांबूस फुलोरा येतो. ज्याला तो आला नाही आणि ज्याची साल सुटू लागली आहे ते झाड हेरून ठेवा. पहिल्या हंगामात जाणत्या माणसाला सोबत घ्या, मुलांनाही न्या, आणि काढलेली प्रत्येक अळंबी उभी चिरून पाहिल्याशिवाय आणि पूर्ण शिजवल्याशिवाय पानात वाढू नका.