एक सूत कॅम्बर

पॅटर्न शॉपमधल्या स्टीलच्या पट्टीवरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा मोठा असतो. बिडाच्या कामाची पट्टी असेल तर मीटरमागे साधारण १० मिलिमीटर जास्त, पोलादाच्या कामाची असेल तर २०च्या आसपास. ओतलेला रस थिजून गार होताना आकसतो, म्हणून ज्याच्यावरून साचा घडतो तो लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. सुताराला दर मापाला गुणाकार करत बसायला नको म्हणून तो हिशेब पट्टीतच भरून ठेवलेला. बेळगावच्या उद्यमबागेत तिला सगळे श्रिंकेज स्केल म्हणत. धातू किती हलेल हा प्रश्न आणि त्याचं उत्तर असं एका वस्तूत बसवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे पुण्यात येऊन मी आयुष्यभर हाच प्रश्न संगणकाला विचारत आलो. यंत्राचा एखादा भाग वजनानं, उष्णतेनं, हादऱ्यांनी किती वाकेल, कुठे ताणला जाईल, कुठे तडकेल, हे तो भाग घडवण्याआधी आकड्यांत मांडून बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. ते मी ज्यांच्या जिवावर करतो त्यांच्याबद्दल एकदा लिहायचं होतं.

मी निपाणीजवळच्या खेड्यातला. बारावी अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात केली. कॉलेज निपाणीला खेटून, पण जमीन महाराष्ट्राची, कागल तालुक्यातली. सकाळी कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात शिकायचं आणि दुपारच्या जेवणाला परत कर्नाटकात यायचं, यात आम्हा पोरांना कधी काही वेगळं वाटलं नाही. नंतर बेळगावला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला, पण पेमेंट सीटवर. त्या वर्षी घरचे तंबाखूचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले होते.

माझी आत्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. दिवसभर तंबाखू कुटायची, चाळायची. तोंडाला पदर बांधूनही संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचा खोकला थांबत नसे. वखारीतल्या बायकांची भिशी चालायची. आत्याची पाळी बरीच पुढे होती, तरी तिनं ती आधी उचलली आणि माझी फी भरली. म्हणजे कुणीतरी आपली पाळी सोडली होती. मी पुष्कळदा विचारलं, "आत्या, कुणाची पाळी घेतलीस?" ती म्हणायची, "तुला रं काय करायचंय? तू शीक जा." आत्या गेली, आणि ते नाव तिच्याबरोबर गेलं. दीपा धनराज आणि युगांतर गटानं निपाणीच्या या कामगार बायकांवर १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट काढला होता. तो मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा पडद्यावरचा एकेक चेहरा निरखून बघतो. त्यातल्याच कुणाच्या तरी घराचं छप्पर किंवा लेकीचं लग्न पुढे माझ्या फीपायी एक पावसाळा लांबलं असेल. त्या बाईचे पैसे भिशीच्या हिशेबात फिटले असतील. माझ्याकडून ते फिटलेले नाहीत.

कॉलेज होतं गोगटे इन्स्टिट्यूट, उद्यमबागेतच. वर्गाच्या खिडकीतून फौंड्रीची धुराडी दिसत. आम्हाला मटेरियल्स शिकवणाऱ्या सरांचं माझ्यावर दुसरं ऋण आहे. कॉलेजात तेव्हा संगणक मोजके, आणि त्यांच्यावर वेळ मिळायची मारामार. सरांनी त्याची वाट बघितली नाही. तीन दांड्यांची कैची (ट्रस) ग्राफपेपरवर काढायला लावून ते म्हणाले, "मॅट्रिक्स हातानं मांडा." प्रत्येक दांडीचा ताठपणा लिहायचा, सांध्यांवर बेरीज करायची, मग समीकरणं सोडवायची. मी पहिल्यांदा सोडवायला बसलो तेव्हा सरांनी मुद्दाम टेकूंची माहिती लपवून ठेवली होती. उत्तर येईना. मॅट्रिक्सचा डिटरमिनंट शून्य. सर शांतपणे म्हणाले, "कैची तू कुठेच धरलेली नाहीस. हवेत सोडलेल्या वस्तूला ढकललं तर ती किती वाकेल, याला उत्तर नसतं. आधी धर."

फायनाइट एलिमेंट म्हणतात ती पद्धत मुळात एवढीच आहे. भोकं, वळणं, कमी-जास्त जाडी असलेल्या भागाला एकच सूत्र लागू पडत नाही. म्हणून त्याचे लहान लहान तुकडे कल्पायचे. तुकडा साधा असल्यामुळे तो किती ताठ आहे हे लिहिता येतं. बळ जितकं वाढेल तितक्याच प्रमाणात वस्तू ताणली जाते हा हूकचा १६७८ सालचा नियम तिथे पुरतो. मग तुकडे कोपऱ्यांना जोडायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर बळांचा मेळ बसला पाहिजे अशी अट घालायची. कोपरा तीन दिशांनी हलू शकतो, म्हणून दहा लाख कोपरे असतील तर तीस लाख समीकरणं. ती सोडवायला संगणक हवाच. त्रिकोणी तुकड्यांनी विमानाच्या पंखाचा ताठपणा मोजण्याची रीत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली छापून मांडली. टर्नर बोइंगमधले, क्लफ बर्कलीला सिव्हिल शिकवणारे प्राध्यापक. (आमच्याकडे १९५६ म्हटलं की राज्यपुनर्रचना आणि म्हैसूर राज्यात गेलेलं बेळगाव एवढंच आठवतं, त्याच वर्षी जगात हेही झालं होतं हे मला फार उशिरा कळलं.) फायनाइट एलिमेंट हे नाव क्लफनीच १९६० साली दिलं. नंतर त्यांनी आणि एडवर्ड विल्सननी अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाला गेलेल्या तड्याचा अभ्यास याच पद्धतीनं केला. तो तडा तापमानातल्या फरकानं गेलेला होता. काँक्रीट असो की बीड, एक बाजू आधी गार झाली आणि दुसरी मागाहून, तर मागची पुढचीला ओढते.

हे ओढणं मी डोळ्यांनी बघितलं ते मिस्त्रीमामांकडे. त्यांच्या घराच्या मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. मामा मूळचे हुक्केरीकडचे, घरात कानडी, कारखान्यात मराठी. भाडं वेळेवर पोचलं नाही तरी मामींनी जोंधळ्याची भाकरी कधी चुकवली नाही. पण त्या घराचं खरं देणं पॅटर्न शॉपमधलं आहे. रविवारी मामा मला बरोबर न्यायचे. एकदा त्यांच्या बाकावर लेथच्या बेडचा सागवानी पॅटर्न होता, माणसापेक्षा लांब. मामांनी दोन्ही टोकांना सारखे ठोकळे ठेवून त्यांवर दोरी ताणली. दोरी मधोमध लाकडाला टेकली, टोकांकडे उचललेलीच राहिली.

"मामा, हे मधी वर आलंय."

"आणलंय. एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. मी म्हणालो, बेड तर सरळ पाहिजे. मामांनी रंधा बाजूला ठेवला आणि माझा हात धरून पॅटर्नच्या वरच्या जाड पट्ट्यांवर ठेवला. सॅडल ज्यांच्यावरून सरकतं, त्या स्लाइडवे. "ही जाड बाजू. खालचे रिब बारीक, ते पहिले थिजतात. ही शेवटी थिजते. बाकी सगळं ताठ होऊन बसल्यावर ही आकसायला लागते, मग मधी खोल पडतं. खोल पडणार हे ठाऊक आहे, तर लाकडात आधीच वर ठेवायचं. मग बीड येईल तेव्हा सरळ येईल." हाच तो कॅम्बर. आणि नंतरही तो बेड लगेच मशिनिंगला जात नसे. जुन्या पद्धतीत कास्टिंग महिनोन्‌महिने उघड्या अंगणात ऊन-पाऊस खात पडलेलं असायचं. आत अडकलेला ताण हळूहळू सैल होऊ द्यायचा. पाहुण्यांना ते भंगार वाटायचं.

मामांची आणखी एक सवय होती. कुठलंही कास्टिंग हातात आलं की पहिला प्रश्न एकच: "हे धरलंय कुठं?" कुठले बोल्ट, कशावर बसतंय, ज्याच्यावर बसतंय ते तरी घट्ट आहे काय. मग आतल्या कोपऱ्यात अंगठा फिरवायचे. कोपरा तीक्ष्ण लागला तर ड्रॉइंग काहीही म्हणो, ते मालकाला जाऊन सांगत, "इथं गोलाई वाढवा, नाहीतर इथनंच जाणार." बीड दाबाला भक्कम आणि ओढीला कच्चं. त्याच्या पोटात ग्रॅफाइटची पानं पसरलेली असतात आणि ओढ बसली की प्रत्येक पान एक चीर होते. हे मला पुस्तकानं नंतर शिकवलं. मामांचा अंगठा ते आधीपासून जाणत होता.

पुण्यात नोकरीला लागलो आणि कळलं की या कामात संगणकाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: वस्तू कशाची आहे, बळ किती येतंय, आणि ती कुठे धरली आहे. पहिल्या दोन गोष्टींना तक्ते आहेत, चाचण्या आहेत. तिसरीला तक्ता नाही. ड्रॉइंगवर चार बोल्ट दिसतात. ते चारही कोपरे पक्के जखडले असं मांडायला एक क्लिक पुरतो, आणि पडद्यावर लाल-निळं सुंदर चित्र येतं. पण ज्या पत्र्यावर ते बोल्ट बसलेत तो पत्राच लवत असेल तर ताण भलतीकडेच सरकतो. हातानं मांडलेल्या त्या कैचीमुळे आणि मामांच्या प्रश्नामुळे मला चित्राआधी टेकू बघायची खोड लागली. या बाबतीत मला ठामपणे वाटतं की आपल्याकडे सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण भरपूर झालं आणि वस्तू हातात घेण्याचं फार कमी. अपवाद आहेत. नितीन गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातून २००८ साली काढलेलं 'प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहिलेलं आहे आणि माझ्या टेबलावरून ते हलत नाही. आयआयटी मुंबईत असताना प्रा. बी. रवी यांनी ओतकामासाठी ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर तयार केलं. रस साच्यात कसा थिजेल, पोकळी कुठे राहील, हे ओतण्याआधी बघता येऊ लागलं. आकसताना लागणारा जादा रस पुरवणारा रायझर कुठे बसवायचा हे पूर्वी एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असायचं आणि तो माणूस निवृत्त झाला की कारखान्यातून जायचं. ते आता लिहून ठेवता येतं.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं एका लांब बेडचं काम माझ्याकडे दिलं. कास्टिंग बेळगावात ओतायचं, आणि गार होताना ते किती वाकेल ते मी आधी सांगायचं. मॉडेल मांडायच्या आधी मी मामांकडे गेलो. कामावरून उतरून बराच काळ झाला होता, नजर मंदावली होती. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी पडद्याकडे न बघता प्रश्न सुरू केले. रस कुठल्या टोकानं सोडणार? स्लाइडवे वर की खाली? मग म्हणाले, "साच्याची पेटी कधी उघडणार?"

"म्हणजे, मामा?"

"वाळूत असताना ते सगळीकडनं सावकाश गार होतंय. पेटी लवकर फोडली की बारीक रिब वाऱ्यानं भसकन गार होणार, जाड भाग तसाच तापलेला. ऑर्डरची घाई असली की पोरं लवकर फोडतात. मग माझा एक सूत पुरत नाही, दीड लागतो. किती तास धरलेत तुझ्यात?"

मी तिथेच वही काढली. पेटी किती तासांनी उघडतात, फोडल्यावर कास्टिंग शेडमध्ये ठेवतात की अंगणात, पावसाळ्यात काय फरक पडतो, हे सगळं मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. मामी मधेच कानडीतून काहीतरी म्हणाल्या. मामा हसून म्हणाले, "म्हणतीय, पोराला जेवू तरी दे." जेवण झाल्यावर पुन्हा बसलो. पुण्याला आल्यावर मी दोन मॉडेलं चालवली, एक पेटी पूर्ण वेळ बंद ठेवून, दुसरं लवकर उघडून. पहिल्यात मधला खोलगटपणा तीन मिलिमीटरच्या आसपास आला. दुसऱ्यात जवळजवळ पाच. फोनवर आकडे सांगितले. मामा म्हणाले, "मग बरोबर आहे तुझं मशीन." आणि लगेच, "रिबच्या कोपऱ्यात बघितलंस काय?" बघितलं होतं. ताण तिथेच सगळ्यात जास्त होता. आम्ही गोलाई वाढवली.

अशा रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला हे लिहावं लागतं: अमुक मानक, अमुक चाचणी, अमुक पुस्तक. पेटी उघडण्याच्या वेळेपुढे मी मामांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पुढे 'पॅटर्नमेकर'. तपासणाऱ्या इंजिनिअरनं शेरा मारला की हा संदर्भ चालणार नाही, छापील द्या. मी उलट कळवलं की या फौंड्रीत, या जाडीच्या बेडला, पेटी कधी उघडतात आणि त्यानं किती फरक पडतो हे कुठे छापलेलं नाही. ज्यानं मला सांगितलं त्याचं नाव दिलं आहे, शंका असेल तर त्याला भेटा, पत्ता मी देतो. आठवडाभर काही उत्तर आलं नाही. मग रिपोर्ट त्या ओळीसकट मंजूर झाला.