दोन घटका

आमच्या सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार या वेळात कोणी कोणाकडे जात नाही. काही दुकाने हल्ली दुपारचीही उघडी असतात. पण घरे अजून जुन्याच नियमाने चालतात. हा नियम कोठे लिहून ठेवलेला नाही. तो मोडणाऱ्याला दार उघडणाऱ्याचा चेहरा पाहून आपोआप कळतो, एवढेच. तसेच ‘संध्याकाळी येतो’ म्हणजे दिवेलागणीनंतर आणि पाने मांडण्यापूर्वी, हेही कोणी कोणाला समजावून सांगत नाही. माणसांचे निम्मे व्यवहार अशा न बोलता ठरलेल्या गोष्टींवर चाललेले असतात. यंत्रांच्या जगातही तोच प्रकार आहे आणि तिकडे त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात, हे मला फार उशिरा कळले. ज्या रीतीने कळले, ती हकीकत थोडी घरगुती आहे. पण दिवाळीच्या दिवसांत घरचे सांगायला हरकत नसावी.

आमचे चिरंजीव न्यू जर्सीला असतात. दर रविवारी त्यांच्या सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, त्यांचा फोन येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची माणसे आपली घड्याळे तासभर मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. त्यामुळे हिवाळ्यात आमचे साडेसातचे साडेआठ होतात. याबद्दल तक्रार नाही. मुंबईने १९०६ साली आलेल्या भारतीय प्रमाणवेळेला न जुमानता एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सांभाळली होती. मग अमेरिकेने एका तासासाठी एवढा खटाटोप केला तर बिघडले कोठे?

खटकत होते ते दुसरेच. साडेसातला आलेला फोन आठला बंद होई. साडेसात ते आठ, ना एक मिनिट अधिक, ना उणे! आमची सौ. आठवडाभर कालनिर्णयच्या पानामागे सांगायच्या गोष्टी टिपून ठेवी. गुडघ्याच्या डॉक्टरांचे म्हणणे, भाचीच्या लग्नाची बोलणी, गच्चीतल्या सोनटक्क्याला आलेले पहिले फूल. यादी अर्ध्यावर येते न येते तोच पलीकडून आवाज येई, “बरं आई, ठेवू मग?” उरलेल्या गोष्टी पुढच्या रविवारी जात आणि तोवर शिळ्या होत. सोनटक्क्याचे फूल आठ दिवसांनी काय सांगायचे?

तीन वर्षे हे असे चालले. आम्ही दोघे त्याविषयी एकमेकांशी बोललो नाही. पण आईबापांना आठवड्याचा अर्धा तास तोलून देणारा मुलगा आपल्याच पोटी यावा, हे मनात घर करून बसले होते. एकदा सौ. एवढेच म्हणाली, “त्याला कामं असतात.” ती ज्या स्वरात म्हणाली, तो मला आवडला नाही.

यंदा गणपतीत तो घरी आला. आरती आटोपल्यावर झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन कचेरीची काही भेट ठरवत होता. मी सहज शेजारी बसलो. त्याने कॅलेंडरातल्या एका चौकटीवर बोट टेकवले आणि तेथे एक निळा पट्टा उमटला. अर्ध्या तासाचा.

“हा अर्धा तास तू ठरवलास?” मी विचारले.

“नाही बाबा, तो आपोआप येतो. आपण काही सांगितलं नाही, तर ते अर्धा तासच धरतं.”

“आणि आमचा रविवारचा?”

त्याने रविवार उघडला. तेथेही तोच निळा पट्टा होता. तीन वर्षांपूर्वी एकदा नोंद केली, ‘दर आठवड्याला’ म्हणून सांगितले, आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही. तो बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा, मला वाटायचं तुम्हालाच आठला उठायचं असतं. पहिल्या एक-दोन वेळा तुम्हीच म्हणालात, चला, जेवायची वेळ झाली.”

मी तसे म्हणालो होतो. त्याचा खोळंबा होऊ नये म्हणून म्हणालो होतो!

त्या रात्री मी माझ्या फोनवरचे गूगलचे कॅलेंडर उघडून बसलो. त्याच्या गृहीतात भेट एका तासाची असते. सेटिंगमध्ये जाऊन ती कमीजास्त करता येते. पंधरा मिनिटे, अर्धा तास, दीड तास, दोन तास, अशी ठरावीक मापे आहेत. आठवडा रविवारी सुरू व्हावा की सोमवारी, आठवण किती मिनिटे आधी यावी, हेही आपल्या हातात असते. घाईच्या माणसांसाठी तर अर्ध्या तासाची बैठक पाच मिनिटे आणि त्याहून मोठी दहा मिनिटे आधीच संपवण्याची सोय ठेवली आहे. मी शोधत होतो ते माप मात्र मिळाले नाही. आपल्याकडे पाहुण्याला म्हणतात, “दोन घटका बसा.” घटका म्हणजे चोवीस मिनिटे, दोन घटकांचा एक मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटे. मराठी माणसाचा डिफॉल्ट असलाच, तर तो हा. शिवाय उठल्यावर चपला घालता घालता दारात जे बोलणे होते, त्याची मोजदाद कोणत्याच कॅलेंडरात नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हे माप बदलले, तर ते पुढच्या नोंदींना लागू होते. आधी केलेल्या जशाच्या तशा राहतात. त्या एकेक उघडून हाताने बदलाव्या लागतात. मी सकाळी चिरंजीवांना हे सांगितले. ते म्हणाले, “बाबा, रविवारचा काल रात्रीच बदलला. शेवटच आठच्या पुढे ओढून ठेवलाय.”

तो परत गेल्यानंतरचा पहिला रविवार. साडेसातला फोन आला. बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले आणि सवयीने आम्ही तिघेही एकदम गप्प झालो. पलीकडे त्याच्या कपाचा बशीवर टेकल्याचा आवाज आला. मग सौ.ने चष्मा लावला, कालनिर्णयचे पान उलटले, सप्टेंबरचे नव्हे, मार्चचे, आणि म्हणाली, “अरे, ते डॉक्टरांचं तुला सांगायचंच राहिलं होतं.”