चेंडू मागे, पाय पुढे

४ ऑगस्ट, सोमवार
सातवी अ. पीटीचा तास. जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ती काही पोरांनी टीव्हीवर पाहिलेली. तेव्हापासून मागे लागलेत. पाडापाडी नाही, धरायचं नाही, नुसता हात लागला की टच, असं सांगितलं. मुलांची तोंडं उतरली. मुली पुढे सरकल्या.

पहिल्याच्या हातात चेंडू दिला. त्याने खाली टाकून लाथ हाणली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं पोर, फुटबॉल सोडून दुसरं काय करणार.

५ ऑगस्ट
"मॅडम, चेंडू मागं टाकायचा आनि आपन म्होरं पळायचं? मग गोल कसा हुनार?"

प्रश्न रास्त आहे. फळ्यावर उत्तर देता येत नाही.

७ ऑगस्ट
पाऊस. हॉलमध्ये बसवून पासिंग. एक गुडघा जमिनीला, समोरासमोर नाही, शेजारी शेजारी. गुडघा टेकला की पाय गप्प बसतात. उरतात हात, खांदे, मान. बोटं फाकवून चेंडूच्या पोटावर, तळवा लावायचा नाही. मान आधी वळवायची, ज्याला द्यायचा त्याचे हात बघायचे, मग कमरेजवळून अंगासमोरून झोका. चेंडू सुटल्यावरही बोटं त्याच्याकडेच रोखलेली हवीत. बोटं छताकडे गेली की चेंडूही छताकडे. ट्यूबलाइट वाचली.

सगळ्यांना फिरकी पास हवाय, मोबाइलवर पाहिलेला, गरगरत जाणारा. बारा वर्षांच्या मनगटाला तो झेपत नाही, समोरच्या बारा वर्षांच्या बोटांत तो राहत नाही. साधा पास आधी. कुरकुर.

८ ऑगस्ट
शाळेतले चेंडू ५ नंबरचे, मोठ्या माणसांचे. यांना ४ नंबर हवा. अर्ज दिला. "फुटबॉल आहेत की भरपूर," असं उत्तर.

११ ऑगस्ट, सोमवार
ऊन पडलं. चौघांची तिरकी ओळ, आधी चालत. चालताना जमतं. पळायला लागले की सगळे एका रेषेत येतात, मग रेषेच्याही पुढे. पास पुढे जातो. शिट्टी. परत. शिट्टी.

चूक झाली की सगळे पास देणाऱ्यावर ओरडतात. मला वाटतं, पास बिघडवतो तो घेणारा. जो चेंडूच्या पुढे पळत सुटलाय त्याला मागे पास द्यायचा कसा?

१२ ऑगस्ट
आज घेणाऱ्यांचा तास. चेंडूवाल्याच्या तीन-चार पावलं मागे राहायचं. हात छातीसमोर, बोटं उघडी, चेंडू यायच्या आधी. हाक मारायची. "ए, दे की!" चालणार नाही. "डावी!" किंवा "उजवी!" एवढंच. मैदानभर नुसती डावी-उजवी. वरच्या मजल्यावरून इंग्रजीच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

गोलकीपर सगळं पकडतो. पोटाशी कवटाळतो आणि तसाच उभा राहतो. फुटबॉलमध्ये त्याचं काम तिथे संपतं. हात लांब करून घे, म्हटलं, पोटात गेलेला चेंडू परत काढायला वेळ लागतो. "सवय हाय मॅडम." सवय चांगलीच आहे. मोडायला जिवावर येतं.

१४ ऑगस्ट
डावीकडे जाणारी ओळ झकास चालते. उजवीकडे निघाली की तिसऱ्या हातात तुटते. उजव्या हाताची पोरं, उजव्याने रेटलं की चेंडू डावीकडे जातो. उलट्या बाजूला डाव्याने रेटायला हवं, आणि त्या हाताला आजवर कुणी काम सांगितलेलं नाही.

एकीचं उलटं. उजवीकडे तिचा पास बरोबर छातीवर. वहीत मात्र उजव्या हाताने लिहिते. विचारलं.
"लिवायचं उजव्यानंच, आज्जी म्हनती."
मग बुटाची नाडी बांधत बसली.

१९ ऑगस्ट
धो धो. सगळ्यांचं लक्ष नदीकडे, राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. हजेरी निम्मी. मैदानात तळं.

वर्गात कलकत्ता कपाची गोष्ट. कलकत्त्याचा रग्बी खेळणारा क्लब बंद पडला, बँकेतले चांदीचे रुपये वितळवून १८७८ साली कप घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात.
"किती रुपये, मॅडम?"
२७०.
"म्हंजे आपलाच हाय की! परत कवा आनायचा?"

२२ ऑगस्ट
डावरी आली नाही. कालही नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार
तिची आई गेटवर. "बाई, त्यात हाडं मोडत्यात म्हनं." टीव्हीवर पाहिलं असणार. समजावलं, टच वेगळा. ऑस्ट्रेलियात सिडनीला साठच्या दशकात रग्बी लीगचे खेळाडू सरावाला हलकाफुलका खेळ म्हणून खेळायचे, १९६८ मध्ये त्याचा क्लब निघाला. सिडनीचं त्यांना काय! शेवटी म्हटलं, उभ्या राहून बघा.

उभ्या राहिल्या. छत्री मिटून, तास संपेपर्यंत. बोलल्या काही नाहीत. मुलगी त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हती, आणि एकही चेंडू तिच्या हातून पडला नाही.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. चेंडू कपाटात.

८ सप्टेंबर, सोमवार
सगळं विसरून आलेत. पुन्हा गुडघ्यावर.
डावरी आली.

९ सप्टेंबर
गणिताच्या सरांनी तास मागून घेतला. मागून म्हणजे वर्गात जाऊन फळा पुसायला लागले.

१० सप्टेंबर
दोघांविरुद्ध एक. चेंडूवाल्याने सरळ अडवणाऱ्याच्या अंगावर जायचं, त्याला आपल्याकडे वळायला लावायचं, हात लागायच्या आत पास. लवकर दिला तर अडवणारा दुसऱ्याकडे सरकतो. टच झाल्यावर दिला तर पेनल्टी. मधला क्षण फार छोटा. सांगून कळत नाही, पायांना कळावा लागतो.

कबड्डीवाला पास देतच नाही. हुल, वळण, पुन्हा हुल, टच. त्याच्या अंगात चढाई आहे, चढाईला एकटाच जातो माणूस. बघायला मात्र डोळ्यांना सुख. हे त्याला सांगितलं नाही.

खो-खोच्या मुली टच झाला की मुकाट बाहेर जाऊन बसतात. "आउट झाले ना!" इथे आउट नाही. चेंडू जमिनीवर ठेवायचा, त्यावरून पाऊल टाकून पुढे जायचं, मागचा उचलून खेळ चालू करेल. असे सहा टच, मग चेंडू समोरच्यांचा. पण एक गोष्ट याच मुलींना पटकन कळली. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, इथे चेंडूला पुढे जाता येत नाही. नियम मोडला की त्या स्वतःच थांबतात. फुटबॉलवाले माझ्याकडे बघतात, शिट्टी वाजते का ते.

१२ सप्टेंबर
फक्की संपलीय. कोनांवर भागवलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
मुलींनी विचारलं, भारताची मुलींची टीम आहे का. आहे. २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला विजय मिळवला, कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा. "पुन्याची?" नाकं मुरडली. कोल्हापूरच्या पोरी.

डावरीला डाव्या टोकाच्या आत उभं केलं. आता उजवीकडे जाणारी ओळ तिच्यापासून सुरू होते.

१७ सप्टेंबर
गोलकीपरला हाफ केलं. टच झाल्यावर जमिनीवरचा चेंडू तोच उचलतो. त्याला टच झाला तर चेंडू गेला, त्याला स्वतः रेषेपलीकडे चेंडू टेकवून टचडाऊनही करता येत नाही. म्हणजे त्याने उचलायचं आणि द्यायचं, बस. वाकलेल्या अवस्थेतूनच झोका, उभं राहायचं नाही. दोन तास नुसतं हेच. कवटाळायला वेळच उरला नाही.

१९ सप्टेंबर
आठवीवाले म्हणतात, मॅच लावा.

२४ सप्टेंबर
आठवीचे वर्गशिक्षक नाराज. स्कॉलरशिपचे जादा तास बुडतात. वीस मिनिटं मिळाली. मंजूर.

२७ सप्टेंबर, शनिवार
रात्री महिला रग्बी विश्वचषकाची फायनल. ट्विकनहॅम. इंग्लंड ३३, कॅनडा १३. मैदानात ८१,८८५ माणसं. देवीची आरती झाल्यावर मोबाइलवर बघत बसले. त्यांचे पास बघायचे ठरवलं होतं, बघत राहिले घेणाऱ्यांचे हात. चेंडू निघायच्या आधी उघडे.

२९ सप्टेंबर, सोमवार
हरलो. चार-दोन. आठवीवाले एक डोकं उंच, पण सगळे पुढे-पुढे. त्यांच्या फॉरवर्ड पासला माझी शिट्टी दमली.

आमचा सगळ्यात सुंदर पास फुकट गेला. पाचवा टच. गोलकीपरने वाकल्या-वाकल्या काढून दिला, डावरीने अडवणाऱ्याला अंगावर घेतलं, अगदी हात लागायच्या आधीच्या क्षणापर्यंत थांबली, आणि उजवीकडे दिला. कबड्डीवाला पूर्ण वेगात, पुढे कुणीही नाही. त्याची नजर मात्र रेषेवर. चेंडू मनगटाला लागून खाली.
मला वाटलं आता भांडण.
"हात कुठं हुता तुझा?" ती.
"हुता की. मीच न्हवतो."
सगळे हसले. ती नाही.

दोन्ही टचडाऊन खो-खोच्या मुलींचे. त्यांच्याबद्दल या वहीत फारसं लिहिलेलंच नाही, गरजच पडली नाही.

३० सप्टेंबर
मधल्या सुट्टीत जिन्याखाली कबड्डीवाला आणि डावरी. हातात डबा गुंडाळलेला रुमाल, चेंडू म्हणून. ती देते, तो घेतो, परत देतो. डबा भरलेला होता. आमटी सांडली, शिपाईमामा ओरडले.

दुपारी सातवी ब ची पोरं आली. आम्हालाबी शिकवा. त्यांचे पीटीचे तास सध्या गणिताच्या सरांकडे आहेत. म्हटलं, सरांना विचारा, आणि विचारायला जाताना पाढे पाठ करून जा.