‘सेल्फ कॅलिब्रेशन ओके’

काश्मीरमधल्या त्या पोस्टवर हवामानाचा लॉगर माझ्याकडे होता. तापमान, वारा, बर्फाची उंची तो नोंदवायचा आणि रोज पहाटे पडद्यावर लिहायचा, ‘सेल्फ कॅलिब्रेशन ओके’.

त्या दिवशी मला ते ‘ओके’ हवंच होतं. लिंक पेट्रोलबरोबर मी सुट्टीवर उतरणार होतो, बहिणीचं लग्न होतं. रात्रीत ३० सेंटिमीटरच्या वर नवा बर्फ पडला तर पेट्रोल थांबवायचं, असा आमच्याकडे नियम. लॉगर म्हणाला, २६.

गढवाली उस्ताद बाहेरचा रंगवलेला दांडा बघून आले. “मराठे, पैंतीस है.”

मी यंत्राच्या बाजूने भांडलो. उस्तादांना काय कळतं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू!

खरं तर लॉगर खोटं बोलत नव्हता. थंडीत त्याच्या आतल्या सर्किटचं शून्य सरकतं. म्हणून तो स्वतःचं इनपुट शॉर्ट करून शून्य मोजतो, मग आतलंच एक ठरावीक व्होल्टेज मोजून माप जुळवून घेतो. पण ही सगळी तपासणी डब्याच्या आतली. तारेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय, याचा त्याला पत्ता नसतो.

उस्तादांबरोबर खांबाशी गेलो. तापमानाच्या सेन्सरवरच्या पांढऱ्या थाळ्यांमध्ये ओला बर्फ भरून गोठला होता. लॉगर उणे २ दाखवत होता, हातातला थर्मामीटर उणे १८. आणि बर्फाची उंची मोजणारा सेन्सर आवाजावर चालतो. वरून आवाज सोडायचा, परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. शून्य अंशाला आवाज सेकंदाला साधारण ३३१ मीटर जातो, दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने मंदावतो. सोळा अंशांची चूक म्हणजे वेगात तीन टक्के. सेन्सरपासून बर्फ तीन मीटर खाली. नऊ सेंटिमीटर तिथेच गेले.

साहेबांनी रेडिओवर आकडा विचारला. सेट माझ्या हातात होता. उस्ताद काही बोलले नाहीत, बूट झटकत उभे राहिले.

“पैंतीस, साब.”

तीन दिवसांनी उतरलो. नाल्यात बर्फाचा ताजा ढीग आडवा पडला होता. तो कधी आला, हे कुणी विचारलं नाही. हळद चुकली, अक्षतांना पोचलो.