बोंडअळीचं नाक

आमच्या घरच्या दखनी बोलीत किड्याच्या डोक्यावरच्या दोन तंतूंना 'मूंछां' म्हणतात. मराठी पुस्तकांतला शब्द 'स्पृशा'. भाषा शिकवणाऱ्याला तो जरा खटकतो, कारण कितीतरी किड्यांत या स्पृशांचं मोठं काम वास घेण्याचं असतं. मिशीच्या जागी नाक!

मी यात शिरलो तो परभणीकडे कापूस पिकवणाऱ्या मामूंमुळे. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बीटी वाणालाही ती आता दाद देत नाही. मग लोक फवारतच राहतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मामूंच्या रानात पंप पाठीवर घेतो तो माझा मामेभाऊ.

या अळीचा पतंग रात्री उडतो. मादी हवेत गंध सोडते, नर तो स्पृशेवरच्या केसांनी टिपतो. हे केस नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं, आत द्रव, द्रवात चेतापेशीचं टोक. छिद्रातून आलेला गंधाचा कण आतली प्रथिनं उचलून त्या टोकाशी नेतात. मादीच्या गंधात दोन द्रव्यं साधारण निम्मी-निम्मी असतात. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच, फरक फक्त एका बंधाच्या वळणाचा. 'दिन' आणि 'दीन' यांत असतो तेवढा. माझी मुलं तो वहीत विसरतात, पतंग अंधारातही विसरत नाही.

हा गंध 1973 साली ओळखला गेला. आता तो कारखान्यात बनतो आणि कामगंध सापळ्यातल्या रबराच्या गोळीत भरून येतो. मामूंना सांगितलं, "अत्तराचा फाया समजा." ते हसले, "म्हणजे नवरदेवांना फसवायचं!"

सापळ्याने अळी संपत नाही. तो मोजून देतो, आणि मला तेच मोलाचं वाटतं. हेक्टरी 5 सापळे लावायचे. सलग तीन दिवस दर सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले, तर फुलं-बोंडं तपासून फवारणीचं ठरवायचं. औषध उधारीवर आणणाऱ्या घरात या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मामेभाऊ रोज सकाळी पतंग मोजून माझ्या जुन्या हजेरीपटात लिहितो. काल सर्वांत भरलेल्या सापळ्यात 3 होते. पंप गोठ्यात खुंटीला आहे.