सनदेतला एक शब्द

पेरूगेटावरून भरत नाट्य मंदिराकडे वळलं, की लक्ष्मी रस्त्याचा गलका मागे पडतो. शेजारीच भारत इतिहास संशोधक मंडळ. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९१० साली सुरू केलेल्या या संस्थेत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल जपलेले आहेत. नगर हवेलीतल्या सिल्वासाहून परतल्यावर मी मुद्दाम सदाशिव पेठेत आलो. दमणगंगेकाठी पाहिलेल्या गावांचं नशीब अशाच कागदांनी ठरवलं होतं.

१७७९च्या तहात पुणे दरबारानं पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. पुढे १७८३ आणि १७८५च्या सनदांनी नगर हवेलीतली गावं त्यांच्याकडे गेली. तिथल्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांना कुणी विचारलं नाही. पेशवाई बुडाली, पोर्तुगीज मात्र मालक होऊन बसले.

याच मंडळात संशोधनाचे धडे गिरवलेले बाबासाहेब पुरंदरे १९५४मध्ये सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासोबत सिल्वासाच्या मुक्तिसंग्रामात उतरले. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. पण तिथली माणसं सात वर्षं अधांतरी राहिली: लिस्बनच्या लेखी पोर्तुगीज, दिल्लीच्या कायद्यात अजून भारतीय नाहीत. कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती.

या गावांपर्यंत जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. तिथे पुण्याच्या सनदांचा कीस निघाला. मराठ्यांनी जहागीर किंवा सरंजाम दिला, सार्वभौमत्व नाही, असं न्यायालयानं १९६०च्या निकालात म्हटलं. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता मानली आणि भारतानंही ती तशीच चालू दिली, हेही नोंदवलं. मात्र या गावांत सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला मिळाला नाही.

जून १९६१मध्ये वरिष्ठ पंचायतीनं भारतात सामील होण्याचा ठराव केला. ११ ऑगस्टला विलीनीकरण झालं आणि १९६२च्या नागरिकत्व आदेशानं कागदही पुरा झाला. गोव्यासाठी त्याच वर्षी निघालेल्या आदेशात तर पोर्तुगीज नागरिकत्व राखायचं असेल त्यांना महिन्याभरात तसं लिहून देण्याची मुभा होती.

मंडळाच्या दारात थोडा वेळ उभा राहिलो. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क. गावं देता येतात, वसूल तोडून देता येतो. पण गावातल्या माणसानं कुणाचं व्हायचं, हे त्यालाच विचारावं लागतं. नगर हवेलीला तो प्रश्न पोचायला पावणेदोनशेहून अधिक वर्षं लागली.