नातवाची बंदूक आणि हवा

परवा नातवाने पेंटबॉलची जुनी बंदूक आणली, सोबत कार्बन डायऑक्साइडची बाटली. "आजोबा, आगीचे सिलिंडर भरणारे स्वस्तात भरून देतील!" मी बी.ए. मराठीवाला, पण वाचून एवढं कळलं की हा वायू बाटलीत द्रवरूप असतो, ३१ अंशांपुढे तो द्रव राहतच नाही आणि दाब चढतो. आपल्या चिंचवडला एप्रिलात पारा ४० ला टेकतो! दाब चढला की गोळीचा वेग वाढतो, आणि समोर कुणाचं तरी पोर असतं...

दाबलेल्या हवेच्या बाटलीला रेग्युलेटर असतो, दाब एकसारखा मिळतो. पण ती भरायची ३००० पीएसआयला. पंक्चरवाल्याचं ते काम नव्हे. तरी हवाच ठरली. नातवाने तीही जुनीच शोधली. चष्मा लावून तिच्यावरची चाचणीची तारीख वाचली. चाचणी दर ५ वर्षांनी लागते, हिची होऊन ८ झालेली. बाटली परत पाठवली. स्वारी दोन दिवस बोलत नाहीये.